यंदा खुर्च्या मांडू नका



परभणीला किंवा पेणला बसलेल्या माणसानं मोबाइलवरून एखादी वस्तू मागवली की दोन दिवसांत त्याच्या फोनवर ओळ येते: पार्सल भिवंडीत पोचलं. मग दुसरी ओळ येते: पार्सल भिवंडीहून निघालं. कधी ते भिवंडीतच अडकून बसतं, आणि तिकडचा गडी आपल्या तालुक्याच्या नावानं बोटं मोडतो. भिवंडीचं नाव असं घरोघर पोचलंय. पण त्या नावामागं माणसं राहतात, त्यांची गावदेवी आहे, त्यांची भाताची खाचरं होती, हे त्याला ठाऊक असायचं कारण नाही. तो कधी नाशिक हायवेनं गेलाच, तर त्याला पत्र्याच्या लांबलचक भिंती दिसतात, कंटेनरच्या रांगा दिसतात, आणि ट्रॅफिकमध्ये गाडी तुंबली तर वडप्याचा नाका दिसतो.

त्याचं जाऊ द्या. मागं एकदा मी आपल्याकडच्याच एका नववीतल्या मुलाला विचारलं, "या गोदामाच्या जागी आधी काय होतं रे?" तो म्हणाला, "आधी पण गोदामच होतं काका. छोटं." पोराचं काही चुकलं नाही. त्याच्या जन्माआधीचं त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. सांगणारे घरात आहेत, पण त्यांना कुणी विचारत नाही, आणि न विचारता सांगत बसलं तर म्हातारा बडबडतो म्हणतात.

म्हणून वडपे आणि आसपासच्या गावांतल्या सगळ्या मंडळींना हे आवाहन. यंदा जत्रेला किंवा सप्ताहाच्या काल्यानंतर बाहेरून ऑर्केस्ट्रा आणण्याऐवजी एक रात्र आपण आपल्या गावाचंच नाटक करू. त्याला स्टेज नको, पडदा नको आणि खुर्च्या तर अजिबात नकोत. बघणाऱ्यांनी गावातून चालायचं, आणि ओट्यावर, अंगणात, विहिरीपाशी, गोदामाच्या भिंतीशी नाटक त्यांच्या अवतीभोवती घडायचं. मी बरीच वर्षं हौशी रंगभूमीवर धडपडलोय, त्यात चुकाही केल्यात. त्या अनुभवावर चार गोष्टी सांगतो.

हे शहरी खूळ नव्हे

ज्यात प्रेक्षक नाटकाच्या आतच उभा असतो, अशा प्रयोगाला हल्ली इमर्सिव्ह थिएटर म्हणतात. न्यूयॉर्कला 'स्लीप नो मोअर' नावाचा असा एक प्रयोग २०११ पासून जानेवारी २०२५ पर्यंत चालला. मुळात ती शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'ची गोष्ट. प्रेक्षकांना पांढरे मुखवटे घालायला लावत, बोलायची बंदी करत, आणि मग मजल्यामजल्यांवर, खोल्याखोल्यांत ज्याला वाटेल तिकडं सोडून देत. कुणी राणीच्या मागं जायचा, कुणी नोकराच्या. हे सगळं चालायचं जुन्या गोदामांत. गोदामांचंच आतून एक जुनाट हॉटेल केलेलं होतं. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. आपल्याकडे नाट्यगृह नाही म्हणून आपण रडतो. गोदामांची तर वानवा नाही.

आणि मुखवटे बघायला तर आपल्याला इतकं लांब जायलाच नको. जव्हार-मोखाड्याच्या बाजूला, ठाणे-पालघर-नाशिकच्या डोंगरपट्ट्यात होळीनंतर बोहाडा होतो. कुणी त्याला भोवाडा म्हणतं, कुणी आखाडी. रात्र पडली की संबळ वाजायला लागतो, पिपाणी घुमते, आणि गणपती-शारदेच्या सोंगांनी सुरुवात होऊन एकामागून एक सोंगं गावाच्या रस्त्यानं नाचत येतात. जड मुखवटा डोक्याला बांधलेला रावण येतो, नरसिंह येतो, वेताळ येतो. सोंग चार पावलं पुढं येतं, दोन मागं सरतं. लोक रस्त्याच्या दोन्ही कडांना. लहान पोरं मुद्दाम पुढं उभी राहतात आणि नरसिंह अंगावर आला की आयांच्या पदरात शिरतात. शेवटी देवी महिषासुराला मारते तेव्हा पहाट झालेली असते. कित्येक गावांत एकेक सोंग एकेका घराकडं असतं, बापाकडून मुलाकडं आलेलं. एरवी भात लावणारा माणूस त्या रात्री रावण असतो, आणि साऱ्या गावाला तो कोण आहे हे माहीत असूनही त्याची भीती वाटते.

वाराणसीजवळ रामनगरला तर साऱ्या नगराचंच रामायण होतं. तिथली रामलीला ३१ दिवस चालते. नगरातल्या वेगवेगळ्या जागा अयोध्या, जनकपूर, लंका म्हणून ठरलेल्या आहेत. राम वनवासाला निघाला की हजारो माणसं त्याच्या मागं चालत निघतात. माइक नाही, विजेचा झगमगाट नाही. सांगायचं म्हणजे, चालत नाटक बघायची रीत आपल्या मातीत जुनी आहे. खुर्चीवर बसून बघणं ही त्या मानानं नंतरची सवय.

मराठी नाटकवाल्यांनीही खुर्ची आणि स्टेज यांतलं अंतर मोडून पाहिलंय. दादरच्या छबिलदास शाळेच्या साध्या हॉलमध्ये 'आविष्कार'नं १९७४ पासून नाटकं केली, तेव्हा नट आणि प्रेक्षक हातभराच्या अंतरावर असायचे. रत्नाकर मतकरींच्या 'लोककथा ७८' मध्ये नेपथ्याचा डामडौल नव्हता. एका गावातली माणसं प्रेक्षकांसमोर येतात आणि आपल्या गावात काय अन्याय घडला ते स्वतःच करून दाखवतात. याच मतकरींनी पुढं ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेबरोबर 'वंचितांचा रंगमंच' उभा केला. वस्त्यांमधली मुलं तिथं आपल्याच आयुष्यावर नाटिका बसवतात. ठाणे आपल्यापासून किती लांब आहे? ट्रॅफिक नसेल तर अर्ध्या-पाऊण तासावर.

आपलं गाव विचित्र आहे, हे आधी कबूल करू

नाटकवाल्यांना लहान, विचित्र गावं फार आवडतात. गोगोलच्या नाटकात एका आडगावातल्या साहेबांना वाटतं की सरकारी तपासनीस येऊन उतरलाय. प्रत्यक्षात तो एक फाटका, उडाणटप्पू पाहुणा असतो, आणि सगळे त्याच्या पायाशी लोळण घेतात. पु. ल. देशपांड्यांनी त्याचंच 'अंमलदार' केलं. दुसरं आहे ड्युरेनमाट या स्विस नाटककाराचं, १९५६ सालचं. एका कंगाल गावात तिथलीच एक बाई, आता अब्जाधीश झालेली, परत येते. तरुणपणी तिला फसवलेल्या माणसाला तुम्ही मारा, मी गावाला एक अब्ज देते, म्हणते. गाव म्हणतं, छे छे, आम्ही माणुसकीची माणसं. पण दुसऱ्या दिवसापासून एकेकाच्या पायांत नवे पिवळे बूट दिसायला लागतात. सगळे उधारीवर घेतलेले. पैसा अजून आलेला नसतो, पण कशाच्या भरवशावर उधारी चाललीय हे सगळ्यांना कळलेलं असतं. ज्याला मरायचंय त्यालासुद्धा.

आपल्याकडे बूट येत नाहीत, गाडी येते. मी कुणाला टोमणा मारत नाही. माझ्याही दारात एक उभी आहे. पण जमिनीचा भाव बोलला जायला लागला की घरात काय काय बदलतं, हे आपल्याइतकं कुणाला माहीत असणार? ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. नागपूरहून निघालेला माणूस ७०१ किलोमीटर येतो आणि आपल्या शेजारी उतरतो. हे थांबणारं नाही, आणि ते थांबवा असं सांगायला मी हे लिहीतही नाही. ज्यानं जमीन विकली त्यानं मुलीचं शिक्षण केलं, आईचं ऑपरेशन केलं. ते त्याचं त्यानं ठरवलं. मला काळजी आहे ती वेगळ्या गोष्टीची. प्रत्येक खाचराला नाव होतं. चिंचेचं शेत, खालची खाचरं, म्हातारीचा माळ. आता तिथं गाळा नंबर आहे. ती नावं माहीत असलेली माणसं सत्तरीच्या पुढं आहेत.

तेव्हा नाटक इतिहासाचं करू नका. शिवाजी महाराजांचं नाटक करणारे पुष्कळ आहेत, आणि आपल्यापेक्षा चांगलं करतात. आपलं नाटक आपल्या गल्लीचं असू द्या. मला सुचतात ते सहा थांबे सांगतो. बदला, मोडा, तुमचे घाला.

पहिला थांबा गावाच्या वेशीवर. हातात मोजणीची टेप घेतलेला एक अनोळखी माणूस येतो. तो कोण, कुणालाच माहीत नाही, पण भूसंपादनाचा असणार असं धरून सगळे त्याला चहा पाजतात, एकमेकांच्या बांधाची चहाडी करतात. शेवटी कळतं, तो मंडपवाला आहे, जत्रेच्या मंडपाचं माप घ्यायला आलेला. हसू येऊ द्या. लोक हसले की पुढं रडायलाही तयार होतात.

दुसरा थांबा एका ओट्यावर. हळदीची रात्र. कुणी धवलारीण आजी तयार असतील तर खऱ्याच आजींनी लग्नातली पारंपरिक गाणी, म्हणजे धवले, म्हणायचे. मध्येच पलीकडून डीजे सुरू होतो. आजी गात राहतात, ऐकू येत नाहीत. एवढंच.

तिसरा थांबा जिथं पूर्वी खळं होतं आणि आता ट्रक लागतात तिथं. एक म्हातारा शेतकरी आणि केबिनमध्ये झोपणारा, तीन महिने घरी न गेलेला ड्रायव्हर बोलत बसतात. ड्रायव्हरनं त्याच्याच भाषेत बोलायचं. भोजपुरी असेल तर भोजपुरी, तेलुगू असेल तर तेलुगू. आपल्याला शब्द कळले नाहीत तरी काय चाललंय ते कळतं. भिवंडीत लूमवर चार राज्यांची माणसं कामाला आहेत. त्यांना आपल्या नाटकात फक्त विनोदाला घेऊ नका.

चौथा थांबा पाण्याचा. तानसा धरण १८९२ सालचं. त्याचं पाणी आपल्या तालुक्यातून मोठमोठ्या नळांतून मुंबईला जातं. तानसा आणि भातसा, दोन्ही धरणं शहापूर तालुक्यात, आणि उन्हाळ्यात टँकर लागतात तेही शहापूरच्याच पाड्यांना. इथं भाषण ठोकू नका. नळाला कान लावून बसलेली एक मुलगी आतल्या पाण्याचा आवाज ऐकतेय, आणि तिची आई रिकामा हंडा घेऊन हाक मारतेय, तेवढं दाखवा.

पाचवा थांबा एका घरात. दोन भाऊ, एक बहीण, टेबलावर कागद. सातबारावर बहिणीचंही नाव आहे, आणि भाऊ म्हणतात, "ताई, हक्कसोडवर फक्त सही कर." ताई सही करते की नाही, ते दाखवू नका. प्रेक्षकांना तिथंच उठवा आणि पुढं न्या. घरी जाताना त्यावर भांडणं होतील. होऊ द्या.

सहावा थांबा गोदामाच्या भिंतीशी. त्याबद्दल शेवटी सांगतो.

आता सोय कशी करायची

आधी गावात चाला, मग लिहा. चारपाच जणांनी वह्या घेऊन बारा-पंधरा घरं फिरायची आणि प्रत्येक वडीलधाऱ्याला एकच प्रश्न विचारायचा: इथं आधी काय होतं? त्यांना बोलू द्यायचं. मध्ये तोंड घालायचं नाही. फोनवर रेकॉर्ड करायचं तर विचारून.

मार्ग अर्ध्या किलोमीटरच्या आतला निवडा, आणि हायवे ओलांडायचा विचारही करू नका. सर्व्हिस रोडसुद्धा टाळा. रात्री मागं येणाऱ्या ट्रेलरच्या ड्रायव्हरला पुढची पोरं दिसत नाहीत. गावठाणाच्या आतल्या गल्ल्या पुरतात.

एकदम सगळं गाव सोडू नका. पंचवीस-पंचवीसचे गट करा. प्रत्येक गटाला पुढं एक वाटाड्या, हातात कंदील नाहीतर मोठी बॅटरी, आणि शेवटी एक माणूस, कुणी मागं राहत नाही ना ते बघायला. प्रवेश आठ मिनिटांचा, चालायला तीन मिनिटं. म्हणजे अकरा मिनिटांनी नवा गट सोडता येतो. संध्याकाळी सातला पहिला गट निघाला तर सहावा सात पंचावन्नला निघेल, आणि नऊच्या आत सगळं आटपेल. दीडशे माणसं बघतील. नटाला एका रात्रीत तोच प्रवेश सहा वेळा करावा लागेल. पहिल्यांदा तो अडखळेल, चौथ्या वेळी रंगेल. पहिल्या गटात घरची माणसं घाला, ती सांभाळून घेतात.

ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना विसरू नका. एका अंगणात चार खाटा टाका आणि दोन प्रवेश तरी त्या अंगणातच होतील असं बघा. खुर्च्या नकोत म्हटलं ते धडधाकट माणसांना.

मशाली सुंदर दिसतात, पण आपल्याकडे नको. भिवंडीतल्या गोदामांच्या आगी आपण पेपरात वाचतो आणि कधी गच्चीवरून बघतो. पत्र्याआड कुठं केमिकल भरलंय, कुठं कापूस, आपल्याला माहीत नसतं. बॅटरी वापरा, एलईडीची माळ लावा. वायर जमिनीवरून ओढू नका, पावसाळ्यात तर मुळीच नको.

माइक लावू नका. लावलाच तर रात्री दहाचा नियम पाळा. आवाज न चढवता बोललेलं वाक्य हातभरावरून ऐकलं की अंगावर काटा येतो, आणि हेच तर या नाटकाचं बळ आहे.

कागदपत्रांचा आळस करू नका. ग्रामपंचायतीला पत्र द्या, पोलीस ठाण्यात कळवा. ज्याच्या ओट्यावर, आवारात, भिंतीशी प्रयोग होणार त्याची लेखी परवानगी घ्या. महाराष्ट्रात नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं पाठवायची पद्धत आहे. राज्य नाट्य स्पर्धेत उतरलेला कुणी ओळखीचा असेल तर तो सांगेल कसं करायचं. त्याला आधीच गाठा, आदल्या आठवड्यात नव्हे.

पैसा फार लागणार नाही. एका रात्रीच्या ऑर्केस्ट्र्याचं जे मानधन ठरतं, त्यात हे दोनदा होईल. वर्गणी घेतलीत तर हिशेब फळ्यावर लिहा. आपल्याकडे कमिट्या नाटकावरून मोडत नाहीत, हिशेबावरून मोडतात.

गोष्ट कुणाची, विचारलं कुणाला?

आता माझी चूक सांगतो, म्हणजे तुम्ही ती करणार नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावात आम्ही असंच चालतं नाटक केलं होतं. त्यात दोन भावांच्या वाटणीचा प्रवेश मी लिहिला. खरी घटना होती, पण मी नावं बदलली, धंदा बदलला, भावांची वयं बदलली. लिहिताना मला वाटलं, काम चोख झालंय. प्रयोगाच्या वेळी सोयीचं म्हणून आम्ही एक निळं दार रंगवून घेतलं. प्रयोग छान झाला, लोक गप्प होऊन बघत होते. दुसऱ्या दिवशी त्या भावांतला थोरला मला रस्त्यात भेटला. चिडलेला नव्हता. एवढंच म्हणाला, "नाव बदललंस. पण दार माझंच होतं ना?" साऱ्या गावाला त्याचं निळं दार माहीत होतं. मीच त्याला विचारायला गेलो नव्हतो. पुढं त्यानं माझ्याशी बोलणं सोडलं, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये काही हौशी मंडळी गावात प्रयोगाला येतात आणि वेळ घालवायला खोटा खटला खेळतात. खेळ म्हणून आरोपी केलेली बेणारेबाई हळूहळू खरीच आरोपी होते, आणि सगळे मिळून तिला ओरबाडतात. १९६७ सालचं नाटक. आजही ते बघताना आपण कुठल्या बाजूला बसलोय असा प्रश्न पडतो. गावाचं नाटक करताना हे सतत डोक्यात ठेवा. गावात कुणाचं काय आहे हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून नाव न घेताही बोट दाखवता येतं. एखाद्या पळून गेलेल्या मुलीकडं, कर्जात बुडालेल्या घराकडं, दारू सोडलेल्या माणसाकडं बोट दाखवू नका. त्यांची गोष्ट सांगायची असेल तर त्यांना आधी वाचून दाखवा, त्यांनी नको म्हटलं तर तो कागद फाडा. घटना कितीही नाट्यमय असली तरी.

भिवंडीनं १९७० आणि १९८४ च्या दंगली बघितल्यात. काही जणांना वाटेल, त्याशिवाय भिवंडीचं नाटक कसं होईल? पण ती जखम ज्यांच्या घरात आहे त्यांनी स्वतः, सगळ्या बाजूंनी बसून, सांगायची ठरवली तरच तिला हात लावा. पहिल्या वर्षी तर नकोच. पहिल्या वर्षी मोजणीवाला आणि धवला पुरे.

आणि पाड्यावरच्या वारली, कातकरी मंडळींना शोभेसाठी आणू नका. मध्येच तारपा वाजवायचा, टाळ्या घ्यायच्या, आणि जेवायला वेगळं बसवायचं, असं होणार असेल तर नाटकच करू नका. बोलवायचं तर पहिल्या बैठकीला बोलवा, त्यांचा थांबा त्यांना लिहू द्या.

बघायला येणाऱ्यांना

नाटक बघणाऱ्यांचीही जबाबदारी आहे, आणि ती खुर्चीवरच्या प्रेक्षकापेक्षा जास्त आहे.

फोन खिशात ठेवा. तुमच्यासमोर दोन हातांवर शेजारची सून रडण्याचा प्रवेश करतेय. तिचं तोंड उद्या सकाळी कुणाच्या स्टेटसवर दिसायला नको. फोटो काढणारा एक माणूस मंडळानं नेमावा, बाकीच्यांनी बघावं.

नटाला हात लावू नका. अंधार, गर्दी आणि जवळीक यांचा गैरफायदा घेणारे सगळीकडं असतात. न्यूयॉर्कच्या त्या प्रयोगातल्या कलाकारांनीही प्रेक्षकांच्या अंगचटीच्या तक्रारी केल्या होत्या. म्हणून प्रत्येक थांब्यावर एक बाई आणि एक माणूस, गळ्यात पांढरा रुमाल बांधलेले, उभे हवेत. मुलींना आधीच सांगा: काही खटकलं तर थेट रुमालवाल्यांकडं जायचं, प्रवेश मध्येच थांबला तरी चालेल.

नटानं प्रश्न विचारला तरच उत्तर द्या. त्यानं विचारलं नाही आणि तुम्हाला राहवलं नाही, तर मनात म्हणा. "अरे, हा तर आपला बंड्या!" असं म्हणून हसायची सगळ्यांनाच सवय आहे. पहिल्या थांब्यावर हसा, दुसऱ्यावर त्याला बंड्या म्हणून विसरायचा प्रयत्न करा. बोहाड्यात रावण कोण हे माहीत असूनही लोक घाबरतात ना? तसंच.

चालवत नसेल तर मध्येच बाहेर पडा, लाज वाटून घेऊ नका. मुलांना आणा, पण आधी सांगा की अंधार असेल. पाण्याची बाटली आणा, आणि ती रस्त्यात टाकू नका.

सहावा थांबा

शेवटच्या थांब्यावर नट नाही. गोदामाची भिंत आहे, मालकाच्या परवानगीनं. आत कुणाचे फ्रिज आहेत, कुणाच्या चपला, कुणाची पुस्तकं, आपल्याला माहीत नाही. सगळं उद्या परभणीला जाणार. रात्रीचा वॉचमन एका स्टुलावर बसलाय. तो खरा वॉचमनच असला तर उत्तम. तो गटाला विचारतो, त्याला येईल त्या मराठीत, "इथे आधी काय होतं?" वाटाड्या कंदील वर करतो आणि त्या जमिनीच्या खाचरांची नावं वाचायला लागतो. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत, एकेक नाव. त्याची यादी अपुरी असणार हे ठरलेलंच आहे. मग तो थांबतो आणि कंदील गटाच्या पुढं धरतो.

बस, इतकंच. पुढचं नाव गटातल्या कुणीतरी सांगायचं आहे. कुणी नाहीच बोललं तर अर्धा मिनिट शांत उभं राहायचं आणि घरी जायचं. पण मला वाटतं, एखादी आजी बोलेल.

तेव्हा मंडळांनो, महिला बचत गटांनो, भजनी मंडळांनो, शाळेतल्या गुरुजींनो, जत्रेची कमिटी बसेल तेव्हा हा विषय काढा. पहिल्या बैठकीला संहिता नको, नट नकोत, वर्गणीचं पुस्तकही नको. प्रत्येकानं आपल्या एका शेताचं नाव आठवून या. घरात विचारून या. विकलेलं असलं तरी चालेल.